थेंब दिसल्याशिवाय

चोंबडी आमच्या रुग्णालयात आली तेव्हा तिचं नाव फार भारदस्त होतं. खोक्यावर ते दीड ओळ छापलेलं होतं आणि वाचून संपेपर्यंत माणसाला जांभई येई. आठवड्याच्या आत बायकांच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या तारामावशींनी तिचं बारसं उरकलं. दारावर बसून हवा हुंगते, कुणाचं काय चाललंय ते टिपते आणि वर साहेबांना जाऊन सांगते, ती चोंबडी नाही तर काय, असा त्यांचा सवाल होता. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे आमचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. पटवेकरसुद्धा सरकारी पाहणीला आलेल्या माणसांसमोर 'चोंबडीचा अहवाल' म्हणून गेले आणि मग त्यांना बराच वेळ खोकला आला.

मी वैजयंती क्षीरसागर. लोणंदच्या बाणाई रुग्णालयाचं औषधालय सांभाळते. एकशेवीस खाटा, चार वॉर्ड, एक ऑपरेशन थिएटर आणि हंगामात खिडकीतून येणारा कांद्याचा वास, एवढा आमचा संसार. स्वभावानं मी चौकस आहे. आई त्याला भोचक म्हणायची. चोंबडीचा पडदा कुठे लावायचा असा प्रश्न आला तेव्हा मी तो औषधालयातच लावून घेतला, आणि सगळ्यांना ते साहजिक वाटलं.

चोंबडी चालते कशी ते आधी सांगायला हवं. दिसायला ती मिक्सरच्या भांड्याएवढी, चारही वॉर्डांच्या दारांवर एकेक बसवलेली. तासातासाला वॉर्डातली हवा ओढायची, हवेतले जिवाणू एका ओल्या पट्टीवर धरायचे आणि त्यांची जनुकं अक्षर न अक्षर वाचायची, हे तिचं काम. पूर्वी ज्यासाठी पुण्याला नमुना पाठवून आठवडाभर वाट बघावी लागे, ते ती सकाळच्या आणि दुपारच्या चहाच्या मध्ये उरकते. हवाच लागते असं नाही. नाकात फिरवलेली काडी द्या, फ्रीजरमधली जुनी कुपी द्या, ती तेही वाचते.

खरी गंमत वाचून झाल्यावर सुरू होते. जिवाणू सारख्या स्वतःच्या नकला काढत असतात, आणि नक्कल काढताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. आमच्या घराण्यात लोणच्याच्या मसाल्याची एक कृती आहे. आजीच्या वहीत मेथी दोन चमचे. थोरल्या मावशीनं उतरवून घेताना दहा लिहिली, त्यामुळे तिच्या वहीवरून जिनं जिनं उतरवली तिचं लोणचं कडू. त्यातल्या एकीचा हिंग लिहायचा राहिला, मग तिच्या मुलींचं लोणचं कडू आणि वर बिनहिंगाचं. आज कुणाही नातलगाच्या पानातली फोड चाखून मी सांगू शकते, की कृती कुणाच्या वहीतून आली. चोंबडी हेच करते. चुका मोजते, कुणाची चूक कुणाकडे उतरली ते बघते आणि पडद्यावर वंशावळ काढते. मधली एखादी वही हाती लागली नाही, तर तिथे एक रिकामं वर्तुळ काढून ठेवते. इथे कुणीतरी आहे, पण अजून माझ्यापर्यंत आलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

ती यावी लागली एका औषधापायी. २०३६ साली व्हेरोमायसिन नावाचं इंजेक्शन आलं. जुनी प्रतिजैविकं एकामागून एक हात टेकत होती, त्यामुळे डॉक्टरमंडळी हरखून गेली. ज्याला त्याला तेच. ऑपरेशननंतर घरी निघालेल्या पेशंटलाही बारा दिवसांच्या बाटल्या बांधून देत. व्हायचं तेच झालं. दीड वर्षात या औषधालाही भीक न घालणारे जिवाणू निघाले. मग नियम आला की हे औषध कुलपात राहील, प्रत्येक बाटलीची नोंद होईल, आणि ज्या रुग्णालयात हे यंत्र नाही त्याचं कुलूप उघडणारच नाही.

माझी आई त्या दीड वर्षात गेली. पोस्टातून निवृत्त झालेली, हिंडतीफिरती बाई. नळाशी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आमच्याकडेच झालं आणि उत्तम झालं. सातव्या दिवशी घरी आणली. घरी आल्यावर पंधराव्या दिवशी जखम लाल झाली, ताप चढला, पुन्हा दाखल केली आणि महिना भरायच्या आत ती गेली. तिच्या जखमेतला जिवाणू कशालाच बधला नाही. नेहमीच्या रीतीप्रमाणे तो एका कुपीत घालून फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवला गेला. कुपी क्रमांक ६१२. ती चोंबडीला द्यायला मला दोन मिनिटं लागली असती. आईला तो जिवाणू कुणाकडून आला हे मला हवंही होतं आणि नकोही होतं. सगळ्या गावाच्या चौकशा करणारी मी, हा एक प्रश्न विचारत नव्हते.

आता पहिल्या तीन महिन्यांच्या अहवालाकडे येते. जिथे औषध जास्त तिथे त्याला न जुमानणारे जिवाणू जास्त, असं पुस्तकात लिहिलेलं आहे आणि माझीही तीच समजूत होती. म्हणून मी कुलपातल्या बाटल्यांची नोंद आणि चोंबडीची नोंद शेजारी शेजारी मांडली. पुरुषांच्या वॉर्डात व्हेरोमायसिन दुप्पट वापरलं गेलं होतं, तरी तिथली हवा जवळजवळ स्वच्छ होती. बायकांच्या वॉर्डात औषध निम्मं आणि हट्टी जिवाणू चौपट. मला वाटलं आकडे उलटे पडले. पुन्हा मांडले, तरी तेच आलं.

डॉ. पटवेकरांनी निदान केलं की बायकांच्या वॉर्डात स्वच्छता कमी आहे. तारामावशींना बोलणी बसली, फिनेल बदललं, पडदे बदलले. पुढच्या महिन्याचा अहवाल आधीच्यासारखाच आला आणि तारामावशी चार दिवस चोंबडीच्या दारातून जाताना तिच्याकडे पाठ करून गेल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा वाटत होती. पुस्तकाला खोटं पाडणारी एक गोष्ट माझ्या चार वॉर्डांत घडत होती आणि ती मला दिसत नव्हती.

मग मी एक स्टूल घेतलं आणि बायकांच्या वॉर्डात जाऊन बसले. तीन सकाळी बसले. तिथला कारभार भिंगारदिवे सिस्टरांचा. मार्था भिंगारदिवे, मूळच्या नगरकडच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, आमच्याकडे चौतीस वर्षं. महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. बायकांच्या, बाळंतिणींच्या आणि मुलांच्या वॉर्डातली झाडून प्रत्येक नर्स त्यांच्या हाताखाली तयार झालेली. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती नसे. मावशींच्या हलगर्जीपणाची गोष्ट मला पटली नव्हती ती म्हणूनच.

शिवाय माझं आणि सिस्टरांचं वेगळं होतं. आईला घरी न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला औषधालयातून बोलावून घेतलं होतं, पुढ्यात एक मोसंबं ठेवलं होतं आणि माझ्या हातावर हात ठेवून सुई कशी द्यायची ते शिकवलं होतं. मोसंब्याची साल माणसाच्या कातडीसारखी लागते, म्हणून नर्सा त्याच्यावर शिकतात. मी घाबरले होते. त्या म्हणाल्या होत्या, पोरी, आईला टोचताना हात थरथरला तर चालेल, पण मन थरथरू देऊ नको. आई परत दाखल झाली तेव्हा ड्यूटी संपवून त्या तिच्या उशाशी बसत. आई गेल्यावर मला ज्या एका माणसाच्या कुशीत रडता आलं ते माणूस म्हणजे त्या.

तीन सकाळींत मला वावगं काहीच दिसलं नाही. चौथ्या दिवशी मी स्टूल उचलून पुरुषांच्या वॉर्डात नेलं. तिथे इम्तियाज मुलाणी नावाचे ब्रदर होते, सोलापुरात शिकून आलेले. ते इंजेक्शन भरत होते. औषध सिरिंजमध्ये ओढलं, सुई बाटलीतच ठेवून सिरिंज टिचकीनं ठोकली आणि वर जमलेला बुडबुडा परत बाटलीत ढकलून दिला. मग सुई बाहेर काढली. मला ते चमत्कारिक वाटलं, पण का ते कळेना. मी त्यांना विचारलं, की हवा बाहेर का काढत नाही.

"आमचे सर लई कडक होते, मॅडम," इम्तियाज ब्रदर म्हणाले. "थेंबभर औषध खाली सांडलं तर अख्ख्या वॉर्डापुढं झापायचे. तवापासनं बोटाला सवयच तशी पडली."

मी तशीच उठून बायकांच्या वॉर्डात गेले. सकाळचे दहा वाजले होते आणि पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप औषधांच्या टेबलावर पडली होती. एक नर्स इंजेक्शन भरत होती. सुई बाटलीतून काढून तिनं आभाळाकडे धरली, दोन टिचक्या मारल्या आणि अंगठा दाबला. सुईच्या टोकातून चांदीच्या तारेसारखी बारीक धार उडाली, उन्हात तिचा धुरळा झाला आणि तो वर पंख्याकडे गेला. तिच्या शेजारणीनंही तेच केलं. तीन सकाळी मी हेच बघत होते. आयुष्यभर हेच बघत आले होते, त्यामुळे ते मला दिसलंच नव्हतं.

तारामावशींच्या मदतीनं मी शिडी लावली आणि पंख्याच्या पात्यावरची काळी धूळ काडीनं खरवडून काढली. औषधालयातल्या चाचणीच्या पट्टीवर तपासली तर तिच्यात व्हेरोमायसिन होतं. अगदी थोडं, पण होतं. आणि थोडं असणं हेच वाईट. लेकराला रोज चिमूटभर तिखट देत गेलं, की मोठेपणी ते ठेचा खातं. जिवाणूंचंही साधारण तसंच. पूर्ण मात्रा पडली तर सगळे मरतात. चिमूटभर पडलं तर ज्यांना सोसत नाही ते मरतात, ज्यांना सोसतं ते उरतात, आणि मग त्यांचीच पोरंबाळं सगळीकडे होतात. बायकांच्या वॉर्डात पंखा रोज ते चिमूटभर औषध खाटाखाटांवर, पडद्यांवर आणि माणसांच्या नाकात शिंपडत होता. दोष औषध किती वापरलं याच्याकडे नव्हताच. ते कुणी कसं भरलं, तिथे सगळी गोम होती.

डॉ. पटवेकरांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि त्याच दिवशी हुकूम काढला, की सुईला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातला स्वॅब घ्यायचा. हट्टी जिवाणू नाकात घर करतात आणि नाकवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. पाच दिवस मलम लावलं की जातात, म्हणून घाबरण्यासारखं काही नव्हतं. नियमाप्रमाणे चोंबडीला फक्त क्रमांक द्यायचे, नावांची यादी माझ्याकडे. डॉक्टर, नर्सा, ब्रदर, ड्रेसिंगच्या मावशी मिळून चौऱ्याऐंशी माणसं झाली. औषधालयातली माणसं सुईला हात लावत नाहीत, म्हणून आम्ही वगळलो गेलो. चार दिवस मी लोकांच्या नाकात काड्या फिरवत हिंडले आणि इतकी खूश होते की घरी जाऊन एकटीच गाणी म्हणत होते.

वंशावळ आली. चौऱ्याऐंशींपैकी सव्वीस नाकांत तो जिवाणू होता. त्या सव्वीस जणांच्या फांद्या पाहून मला एक विचित्र शंका आली. मी प्रत्येकीला गाठून एकच विचारलं, की तुला सिरिंज धरायला कुणी शिकवलं. उत्तरं कागदावर मांडली. हिला तिनं, तिला तिच्या आधीच्या बॅचच्या मुलीनं. मग तो कागद पडद्याशेजारी धरला. दोन्ही झाडं जवळजवळ एकच होती. शिकणारी मुलगी तीन महिने शिकवणारीच्या खांद्याला खांदा लावून त्याच फवाऱ्यात श्वास घेते. विद्या जिकडून गेली तिकडूनच जिवाणू गेला होता. असं काही आजवर कुणी पाहिलं असेल असं मला वाटेना, आणि आनंदानं माझ्या अंगावर काटा आला.

मग मी झाडाच्या बुंध्याशी पाहिलं. तिथे क्रमांक सात होता. यादी काढायची गरज नव्हती, तरी काढली. सात म्हणजे भिंगारदिवे सिस्टर.

आनंद जिथल्या तिथे विझला. निरोपसमारंभ अठरा दिवसांवर होता, वर्गणी काढून साडी आणली होती, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी बारामतीहून, साताऱ्याहून येणार होत्या. नियम म्हणत होता की नाव सांगायची गरज नाही, मलम द्या आणि विषय संपवा. मलाही तेच सोयीचं होतं. कारण सात क्रमांक पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात सहाशे बारा क्रमांक आला होता. जिनं आईच्या उशाशी बसून रात्री काढल्या, तिच्याच श्वासातून आईचं मरण आलं असेल का? विचारायचं नाही असं ठरवलं तर सिस्टर मला राहणार होत्या. विचारलं तर बहुतेक त्याही जाणार होत्या.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी त्या चादरींच्या खोलीत धुऊन आलेल्या चादरी मोजत होत्या तिथे गेले आणि दार लोटून सगळं सांगितलं. ऊन, धार, पंखा, दोन झाडं, क्रमांक सात. त्या चादरीची घडी घालत ऐकत होत्या. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं ते मिशनच्या दवाखान्यातल्या त्यांच्या मेट्रनबद्दल. शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो, म्हणून मेट्रननं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, थेंब दिसल्याशिवाय टोचायचं नाही. तो एक नियम त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मग त्यांनी विचारलं, की यापायी पेशंट किती जणी आजारी पडल्या. मी म्हटलं, या वर्षी अकरा, सगळ्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

"आणि चोंबडी यायच्या आधी?" त्या म्हणाल्या.

मी एक घातलेली घडी उगीच मोडून पुन्हा घातली.

"वैजयंती, तुझ्या आईची कुपी अजून ठेवलेली आहे ना? ती लाव. तुला बघायचं नसेल तर तू बाहेर थांब, पण लाव. हे मनात ठेवून मी हार घालून घेणार नाही."

आम्ही दोघींनी मिळून ती कुपी फ्रीजरमधून काढली. चार तास लागणार होते. सिस्टर राउंडला गेल्या, मी गोळ्यांच्या पट्ट्या लावत बसले आणि तीनदा चुकीच्या खणात ठेवल्या. दुपारी त्या परत आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, आणि आम्ही पडद्याकडे पाहिलं.

सिस्टरांच्या नाकातल्या जिवाणूत मूळ प्रतीपेक्षा अकरा चुका होत्या. आईच्या जिवाणूत त्याच अकरा, आणि वर आणखी तीन. म्हणजे आईचा जिवाणू सिस्टरांच्याच घराण्यातला होता, पण थेट त्यांच्याकडून आलेला नव्हता. सात क्रमांक आणि सहाशे बारा यांच्या मध्ये चोंबडीनं एक रिकामं वर्तुळ काढलं होतं.

सिस्टर नाहीत. मधलं कुणीतरी आहे. मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण त्या वर्तुळात जे कुणी बसणार होतं तेही कुणाचं तरी माणूसच असणार. पण माझं डोकं तोवर पुन्हा धावू लागलं होतं. कोण असेल? आम्ही आईचे जुने कागद काढले. ऑपरेशनला कोण होतं, ड्रेसिंग कुणी केलं, सलाईन कुणी लावलं. एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. जी माणसं नोकरी सोडून गेली होती त्यांना मी फोन करून गळ घातली आणि दोघांनी काड्या पाठवल्यासुद्धा. कुणीच बसेना. आणखी एक गोष्ट होती जी मला कोड्यात टाकत होती. घरी जाताना आईच्या जखमेचा स्वॅब घेतला होता आणि त्यात काहीच सापडलं नव्हतं. जिवाणू आला तो त्यानंतर. पण त्यानंतर तर तिला रुग्णालयातल्या कुणी हातच लावला नव्हता.

हे मी सिस्टरांना शुक्रवारी सांगत होते. नव्या बॅचच्या मुलींसाठी मोसंबी आली होती आणि त्या पिशवीतून एकेक काढून टोपलीत ठेवत होत्या. एक मोसंबं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"घरी सुया कोण देत होतं?" त्यांनी विचारलं.

मी देत होते. बारा दिवस, सकाळ संध्याकाळ. आईच्या खाटेशेजारी उभं राहून, सुई आभाळाकडे धरून, दोन टिचक्या मारून, थेंब दिसेपर्यंत अंगठा दाबून. आई एकदा हसून म्हणालीही होती, की माझ्या अंगावर गुलाबपाणी शिंपडतेस जणू.

"तुझी काडी कुठंय, वैजयंती?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या.

चौऱ्याऐंशी माणसांच्या नाकांत काड्या घातल्या, फोन करकरून लोकांना बोलावलं, आणि स्वतःचं नाक विसरले. मुद्दाम विसरले का, ते मला आजही सांगता येत नाही. काडी सिस्टरांनीच फिरवली. त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. मी कुपीवर पंच्याऐंशी लिहिलं.

माझ्या नाकात त्या जिवाणूची बरीच भावंडं होती. एकात सिस्टरांच्या अकरा चुका आणि एक नवी. दुसऱ्यात त्याच बारा आणि आणखी एक. आईच्या चौदातल्या तेरा त्या दुसऱ्यात जशाच्या तशा होत्या, चौदावी तिच्याकडे गेल्यावर झालेली. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसं ते मांडलेलं होतं आणि तो जिना माझ्यातून जात होता. पडद्यावरचं रिकामं वर्तुळ भरलं आणि त्यात ८५ असा आकडा उमटला.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आईला मी मारलं, असं म्हणाले. मला तसंच वाटत होतं आणि काही सकाळी अजूनही वाटतं. सिस्टरांनी मला लगेच गप्प केलं नाही. माझं रडून होऊ दिलं, मग उठून पाण्याचा ग्लास आणला.

"सुई मी तुझ्या हातात दिली," त्या म्हणाल्या. "हातावर हात ठेवून शिकवलं. माझ्या हातात ती मेट्रननं दिली. आपण कुणीच वाईटासाठी दिली नाही. पण झालं ते झालंय, आणि ते तू एकटीनं उचलायचं नाही. निम्मं माझं आहे, ते मला दे."

मलम आम्ही एकाच दिवशी सुरू केलं. पाच दिवस सकाळ संध्याकाळ त्या औषधालयात यायच्या, आम्ही एकमेकींसमोर बसून नाकाला मलम लावायचो आणि मग चहा घ्यायचो. कधीकधी आईच्या आठवणी निघत. सहाव्या दिवशी पुन्हा काड्या घेतल्या. दोघींची नाकं स्वच्छ निघाली.

निरोपाच्या दिवशी हॉल भरला होता. साडी दिली, डॉ. पटवेकर चांगलं बोलले, बारामतीच्या विद्यार्थिनी रडल्या. सिस्टरांची बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि टेबलावर टोपली मागवली. टोपलीत मोसंबी, सिरिंजा आणि पाणी भरलेल्या बाटल्या होत्या. नव्या बॅचच्या सहा मुलींना त्यांनी पुढे बोलावलं. म्हणाल्या, चौतीस वर्षं मी एक गोष्ट चुकीची शिकवली, आता शेवटचा तास आहे, तेवढ्यात दुरुस्त करते. हॉलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या साठ-सत्तर बायका होत्या.

थेंब बघायचा नाही, बुडबुडा बघायचा, त्या सांगत होत्या. सुई बाटलीतच असताना तो वर जमतो आणि तिथूनच परत बाटलीत जातो. मग त्यांनी मला हाक मारली. मुलींना म्हणाल्या, आधी हिचं बघा, ही माझी शेवटची विद्यार्थिनी.

मी पुढे गेले. बाटलीत सुई घातली, पाणी ओढलं, आणि सगळा हॉल बघत असताना माझा हात आपोआप सुई बाहेर काढून वर नेऊ लागला. अंगठा दाबायला निघालाच होता. सिस्टरांनी त्यावर आपला हात ठेवला, मोसंब्याच्या वेळी ठेवला होता तसाच, आणि माझा हात पुन्हा बाटलीशी आणला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मी सुई बाटलीत घातली आणि दोन टिचक्या मारल्या. बुडबुडा वर आला, सुईतून बाटलीत गेला आणि तिथे फुटला. हवेत काहीच उडालं नाही.